मागे बघणारा माणूस

३ जून १९१२. कोकोमो.
आज जिंकलो. पेपरवाले लिहिणार, क्लेम हॅडली जिंकला. लिहू देत. क्लेम स्टिअरिंग धरतो. हँडल मारून गाडी चालू करतो मी. शेजारी बसून हाताने तेलाचा पंप मारतो मी. मागे वळून कोण येतंय ते बघतो मी. त्याच्या मांडीवर एक थाप म्हणजे मागे गाडी. दोन थापा म्हणजे बाजूने घुसतेय. तीन वर्षांत क्लेमला एकदाही मागे बघावं लागलेलं नाही. मग कोणीही शूर होईल.
त्याला चांदीचा कप. मला पुसायला फडकं.

४ जून
पेपरात फोटो. क्लेमचे दात मोजता येतात. माझं डोकं, मागून. या सीझनमधला सातवा फोटो, सातही वेळा मागून. माझ्या बायकोने, इडाने, तो कापून वहीत चिकटवला आणि शेजारणीला दाखवला, हा आमचा वेंडेल. शेजारीण म्हणाली, त्याला केस विंचरायला सांग.
ठराव : पुढच्या शर्यतीत फोटोवाल्यासमोर पुढे बघायचं.

९ जून
ठराव मोडला. नेमकी तिथेच मागे गाडी होती. फोटो आठवा.

१७ जून
मोठी बातमी. आमच्या गाडीचे मालक मिस्टर ट्विचेल दुसरी गाडी बांधताहेत. ड्रायव्हर ठरलेला नाही. मी दिवसभरात तीनदा त्यांच्या ऑफिसवरून गेलो. तिसऱ्या वेळी ते म्हणाले, वेंडेल, तुझ्यासारखा मेकॅनिक अख्ख्या इंडियानात नाही. बोलण्याचा रोख स्पष्ट आहे.
क्लेमला काही सांगितलं नाही. जळेल बिचारा.

२३ जून. रविवार.
घरी सराव. स्वयंपाकघरातली खुर्ची, हातात पातेल्याचं मोठं झाकण. शंभर फेऱ्या. इडा शेजारी शेंगा सोलत होती. म्हणाली, सारखं मागे काय बघतोस, मांजर पुढे जाईल म्हणून? बायकांना शर्यतीतलं कळत नाही.

४ जुलै. सकाळ.
ठराव : आजपासून हँडल मारायचं नाही. होणाऱ्या ड्रायव्हरने ते करायचं नसतं.

४ जुलै. दुपार.
शर्यतीला उतरलोच नाही. क्लेम दोनदा ओरडला, गाडी चालू कर. मी बुटाची नाडी बांधत होतो. नाडी लांब आहे. शेवटी त्याने स्वतः हँडल मारलं. ते उलटं फिरलं आणि त्याचं उजवं मनगट मोडलं. त्याने अंगठा हँडलभोवती गुंडाळला होता. असा गुंडाळायचा नसतो, हे आमच्या धंद्यात सगळ्यांना माहीत आहे. त्याला नव्हतं, कारण हँडल नेहमी मीच मारतो. यात माझी काही चूक नाही. पुन्हा विचार केला. नाही.

८ जुलै
क्लेम हात गळ्यात बांधून ट्विचेलसाहेबांकडे गेला. म्हणाला, वीस तारखेला टेर होटच्या जत्रेतल्या शर्यतीत वेंडेल चालवेल, मी त्याच्या शेजारी बसतो. साहेब म्हणाले, नीट चालवली तर दुसरी गाडी त्याची.
क्लेमने स्वतःहून माझं नाव घेतलं. का घेतलं असेल? घाबरून. दुसरं कारण सुचत नाही. रात्री थोडा वेळ सुचत होतं, पण झोप लागली.

२० जुलै. सकाळी आठ. टेर होट.
केस विंचरले. टोपी घालणार नाही, चेहरा दिसला पाहिजे. क्लेम माझ्या जागेवर बसणार. एकाच हाताने पंप मारायचा, त्याच हाताने थाप द्यायची. जमेल का त्याला? मागे बघणं दिसतं तेवढं सोपं नाही.

२० जुलै. संध्याकाळी पाच.
तेराव्या फेरीपर्यंत मी पहिला होतो. हे कोणीही नाकारू शकत नाही. मग मांडीवर थाप बसली. एक. म्हणजे मागे गाडी.
मी मागे वळून बघितलं.
गाडी होती. क्लेमने काम चोख केलं, हे मान्य करतो. तेवढ्यात वळण आलं. आधी कुंपण, मग जत्रेतल्या कोंबड्या-बदकांच्या प्रदर्शनाची शेड. माणसांपैकी कोणाला लागलं नाही. पहिल्या बक्षिसाचं बदक अजून सापडलेलं नाही. ट्रॅक अरुंद आहे. धूळ फार. शेड तिथे बांधायलाच नको होती.
क्लेम पेंढ्यात बसून पिसं झटकत होता. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.
“वेंडेल,” तो म्हणाला, “मागे बघायला मी होतो ना.”

२२ जुलै
दुसरी गाडी ओटिस लमला दिली. सायकली दुरुस्त करणारा ओटिस लम. मान जाड असल्यामुळे त्याला मागे वळताच येत नाही. साहेब म्हणे यावरच खूश आहेत.
ठराव : या लोकांशी संबंध तोडायचा. कायमचा.

२४ जुलै
क्लेमचा निरोप. ऑगस्टअखेर मनगट बरं होईल, हँडल मारायला येशील ना? विचार करून कळवतो म्हणालो. निरोप्या अंगणाच्या फाटकापर्यंत पोचायच्या आत विचार झाला.
पेपरात फोटो आलाय. नववा. शेडच्या अलीकडे, वळणावर काढलेला. स्टिअरिंग माझ्या हातात आहे, अगदी स्पष्ट. शेजारी क्लेम, पुढे बघत ओरडतोय, सगळे दात दिसताहेत. आणि माझं डोकं, मागून.
इडाने वहीत चिकटवला. बराच वेळ बघत बसली. मग म्हणाली, या वेळी केस छान विंचरलेत.