कमानीखालची बाई

बाळ्या,

पडक्या भिंती एवढ्या जीव ओतून रंगवतोस, मग बारा वर्षांत बहिणीला एक ओळ खरडता येत नाही? मी झाडते त्या चित्रांच्या दालनात तुझं चित्र लागलंय. आपल्या गावामागची मोडकी कमान! तिथं शेळीसुद्धा थांबायची नाही, इथं लोक तासभर बघत बसतात. मोडलेलं इतकं देखणं कसं दिसतं रे?

कमानीखाली बोटाएवढी बाई आहे. दालनाचे साहेब म्हणाले, "उंची कळावी म्हणून काढतात, ती कोणी नसते."

मग तिचं गाठोडं डाव्या खांद्यावर का? त्याच कमानीवरून तू ढकललंस तेव्हा माझा उजवा निखळला, हे आपल्या दोघांनाच ठाऊक.

तुझा पत्ता नाही, म्हणून पत्र पिशवीतच राहणार. तरी शुक्रवारी चित्र उतरवायच्या आत सांग, ती मी आहे की मोजपट्टी?

तुझी ताई