चरित्रातला तो मूर्ख शिक्षक

मी, तुळशीराम सहदेव जंजाळ, वय ७४, निवृत्त प्राथमिक शिक्षक, राहणार देऊळघाट, ता. जि. बुलढाणा. डोके शाबूत आहे. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. रागात आहे, पण राग कायद्याच्या आड येत नाही असे वकिलांनी सांगितले. कोणाच्या दडपणाखाली नव्हे, स्वखुशीने हे लिहून ठेवतो.

१. राहते घर पत्नी सत्यभामाबाई हिचे, तिच्या पश्चात मुलगा गोविंदा याचे. गोविंदाने भिंतीवर लावलेला शेखरचा सत्काराचा फोटो आधी उतरवावा, मगच ताबा मिळेल.

२. हा शेखर माझा विद्यार्थी. मिरचीचे देठ खुडायचे यंत्र त्याने बनवले, चिखलीत हारतुरे झाले, मग स्वतःचे सोळा पानी चरित्र छापून त्याने शाळांना वाटले. यंदा परिपाठात सहावीतल्या मलिहाने ते वाचले. ‘गावच्या शिक्षकाने शेखरला ढ ठरवून वर्गाबाहेर काढले.’ पोरे हसली. पाहुणा म्हणून मी समोरच खुर्चीत होतो. चौथीपर्यंत त्याला शिकवायला मी एकटाच होतो. मी त्याला कधी ढ म्हटले नाही, उलट माझ्या पुस्तकांच्या कपाटाची किल्ली त्याच्याकडे दिली होती. मला ते फार लागले.

३. जाब विचारला तर म्हणतो, “गुरुजी, तुमचं नाव कुठी घेतलं म्या? अन् तुम्हीच तं शिकवलं. असा एक मास्तर असल्याबिगर चरित्र रंगतच नाही.”

हे मात्र खरे आहे. तीस वर्षे परिपाठासाठी मी शास्त्रज्ञांची चरित्रे वहीत थोडक्यात उतरवली. मूळ पुस्तकात असो वा नसो, प्रत्येकात एक मूर्ख शिक्षक घुसवला. त्याशिवाय पोरे ऐकत नसत. सत्यभामाबाई म्हणते, “आता काऊन चिडता? पोट्टे तं तवाबी हासतच होते.” त्या अकरा वह्या तिनेच चुलीत घालाव्यात.

४. मूळ पुस्तके कपाटासह मलिहाला. तिने वाचले चांगले, तिचा दोष नाही.

५. शेखरला काहीही देत नाही. ते वाक्य त्याने पुढच्या छपाईत गाळले तरी माफीसुद्धा नाही.

६. माझ्या शोकसभेत त्याला बोलू देऊ नये. तो फार छान बोलेल, लोक रडतील, आणि त्यातले खोटे कोणते हे सांगायला मी नसेन.

वाचून, समजून सही केली.
तुळशीराम सहदेव जंजाळ

साक्षीदार, आमच्या डोळ्यांदेखत सही झाली :
१. शेख कय्यूम, शेजारी
२. कडूबा दयाराम, निवृत्त शिपाई

देऊळघाट, दि. ९ सप्टेंबर २०२५