एका खाटेच्या दोन पाळ्या

आबा,

सकाळपासून तुमच्याच लोखंडी खाटेवर लॅपटॉप घेऊन बसले आहे आणि डोकं नुसतं तडतडतंय. उद्या सरांना प्रकरण द्यायचं आहे, माझ्या पीएचडीचं शेवटचं आणि सगळ्यात महत्त्वाचं, आणि काल त्यातली मुख्य गोष्टच खोटी निघाली. कुणावर ओरडावं तेही कळत नाही. आई ओट्यापाशी भाकरी थापतेय. मघाशी मान न वळवता तिने विचारलं, "कवय सरी व हाई तुन्हं?" तिला काय सांगू, कधी संपणार ते? तुम्ही असता तर तुम्हाला तरी काय सांगितलं असतं कोण जाणे. मी कॉलेजात पाय ठेवला आणि तुम्ही गेलात. मी पुढे प्रथिनांच्या मागे लागणार आहे हे तेव्हा माझं मलाच माहीत नव्हतं.

तरी सांगते. प्रथिन म्हणजे एक लांबलचक माळ आणि तिचे मणी म्हणजे अमिनो आम्लं. ही माळ सरळ पडून राहत नाही, गुंडाळी करून बसते, आणि मग माळेत एकमेकांपासून लांब असलेले मणी अचानक शेजारी येतात. कोण कुणाच्या शेजारी आलंय ते शोधायचं, हे माझं काम. प्रत्येक अणूची जागा फाइलमध्ये दिलेली असते. दोन मण्यांमधलं अंतर ठरवलेल्या हद्दीच्या आत आलं की आम्ही त्याला संपर्क म्हणतो. ऐकायला सोपं वाटतं ना? हद्द जरा वाढवली की सगळेच सगळ्यांचे शेजारी, जरा कमी केली की कुणी कुणाचं नाही. अशा कामात मी माझी उमेदीची वर्षं घातली. माझ्या बरोबरच्या मुलींची पोरं शाळेत जायला लागली आणि मी अजून मणी चाचपत बसले आहे.

मी ज्या प्रथिनावर काम करते त्याच्या एका टोकाला औषध चिकटलं की दुसऱ्या टोकाचं दार बंद होतं. हा निरोप मधून जातो कसा, हा प्रश्न. गेल्या वर्षी मला वाट सापडली. एकाला लागून दुसरा, दुसऱ्याला लागून तिसरा, अशी या टोकापासून त्या टोकापर्यंत संपर्कांची साखळी, आणि बरोबर मध्ये एक मणी, डाव्या शेजाऱ्यालाही टेकलेला आणि उजव्यालाही. सर इतके खूश झाले की सगळ्या लॅबला चणाडाळीचा वाफाळता लोचो खाऊ घातला. आईने देवापुढे साखर ठेवली. आमच्या वस्तीतून कुणी डॉक्टर होणार, तीही सुई न टोचणारी, म्हणून शेजारणी बघायला आल्या.

काल चित्र काढायला म्हणून तो मधला मणी मोठा करून पाहिला. त्याला दोन जागा होत्या. आता हे नीट ऐका. फाइलमधलं चित्र एका प्रथिनाचं नसतं, असंख्य प्रथिनांचं मिळून एक असतं. त्यातल्या निम्म्यांत या मण्याची शेपटी डावीकडे वळलेली, निम्म्यांत उजवीकडे. फाइलमध्ये दोन्ही जागा दिलेल्या असतात, एकीपुढे ए, दुसरीपुढे बी. माझ्या प्रोग्रॅमने दोन्ही एकदम धरल्या. ए असताना तो डाव्याला टेकतो, बी असताना उजव्याला. दोघांना एकाच वेळी कधीच नाही. म्हणजे साखळी मधोमध तुटलेली. माझी वाट फक्त कागदावर होती.

आणि ही चूक मी करावी? दुसऱ्या कुणी केली असती तर समजू शकते. पण मी तुमची लेक, तुमच्या घरात वाढले. आम्ही गावाहून यायच्या आधी तुम्ही पांडेसऱ्यात मिलवाल्यांच्या खोलीत राहायचात. एका खाटेवर दोघं, एक दिवसपाळीचा, एक रातपाळीचा. तुमच्या खाटेचा दुसरा मालक विदर्भातला होता. त्याचा चेहरा धड आठवत नाही, पण उशीला लागलेला त्याच्या तेलाचा वास अजून ओळखीन, असं तुम्ही सांगायचात. मिलचा बॉयलर बिघडला की दोघं एकदम खोलीवर हजर, आणि खाट एक! मग तुम्ही दोघं पायरीवर बिड्या ओढत बसून राहायचात, आधी तू झोप, नाही आधी तू. हे सांगताना तुम्ही इतके हसायचात की ठसका लागायचा. बाहेरच्या कुणी भाड्याच्या वहीत एका खाटेपुढे दोन नावं बघितली असती तर त्याला वाटलं असतं, काय दोस्ती आहे, एका उशीवर झोपतात! मी त्या बाहेरच्या माणसासारखीच वागले.

बरं, त्या खोलीचं सोडा. गोडादऱ्याच्या या घरात आपलं दोघांचं काय वेगळं होतं? रात्री ही खाट माझी, दिवसा तुमची. तुम्ही रंगाच्या मशीनवरून येऊन आडवे व्हायचात तेव्हा मी शाळेला निघायची. मी ट्यूशन आटपून यायची तेव्हा तुम्ही डबा घेऊन मिलला गेलेले असायचात. मिलमध्ये पंधरवड्याने पाळी बदलायची. तुमच्याही वाट्याला दिवसपाळी यायची की! पण ती तुम्ही कुणाला ना कुणाला देऊन टाकायचात. कुणाची बायको नवीन आली, कुणाचं पोर आजारी, कुणाला रात्री डोळ्यांनी दिसत नाही. सगळ्या पांडेसऱ्याची दया यायची तुम्हाला. आईने एकदा भांडण काढलं तेव्हा तुम्ही म्हणालात, "माले काय, पोरगी शाळामाच ऱ्हास." मी दारात चप्पल काढत होते. ते वाक्य मला अजून जसंच्या तसं ऐकू येतं, आणि अजून राग येतो. शाळा संध्याकाळी सुटते, आबा. रात्र तर घरीच असते ना?

दहावीच्या वर्षी सुटीच्या दिवशी मी मोठमोठ्याने पाठांतर करत होते. तुम्ही झोपेतून उठून असे खेकसलात की पुस्तक हातातून पडलं. "मरू दे तुन्हं वाचनं! माणूसनी झोपावं का नई?" दुसऱ्या दिवशी मिलमधून रिजेक्ट कापड घेऊन आलात, जांभळं, मधेमधे रंग न धरलेलं. खाटेभोवती दोरी बांधून ते टांगलंत आणि म्हणालात, "आते वाच कितलं बी." आई म्हणाली, बघ, किती करतो बाप. मला ते कापड फाडून टाकावंसं वाटलं होतं. दिवसातून जे चार क्षण तुमचं तोंड दिसायचं तेही पडद्याआड गेलं. तुम्हाला मात्र वाटलं, पोरीला मोठी भेट दिली.

काल सरांना फोन केला. ते शांतपणे गुजरातीत म्हणाले, "बेन, चाली जशे. कोण जोवा बेठुं छे?" खरंच, चालून जाईल, कोण बघणार आहे? परीक्षक चित्र बघतील, छान म्हणतील, सही करतील. पण मला आता ते चित्र बघवत नाही. आज मी तो भाग काढून टाकला. सरांना तसं कळवलं. मुदत वाढवून मागावी लागेल, मिळेल की नाही ठाऊक नाही. शेजारणींना काय सांगायचं ते आई बघेल. ए वरून बी वर जाताना तो मणी काय करतो, कुणाला टेकतो का, कदाचित निरोप तिथूनच जात असेल. पण तेवढ्याचं फाइल काही सांगत नाही. तिच्यात फक्त दोन जागा आहेत. मला आता पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची आहे आणि त्याचा मला भयंकर कंटाळा आला आहे.

हे सगळं मी प्रकरणाच्या फाइलमध्येच टाइप करतेय, त्या काढून टाकलेल्या भागाच्या जागी. उद्या सरांना पाठवायच्या आधी हेही काढीन.

एक मात्र सांगायचं राहून गेलं. सकाळी तुमची सायकल गल्लीत वळली की तिच्या साखळीची कुरकुर ऐकू यायची. आईने मला त्याच्या आधीच हाक मारलेली असायची. तरी मी डोळे मिटून, भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. तुम्ही पडदा सारून आत यायचात आणि माझा खांदा हलवायचात. बोटांना मिलचा आंबूस वास, नखांत त्या दिवशीचा रंग. "ऊठ व माय, माले आंग टाकू दे." मी उठले की माझ्या उबेतच तुम्ही आडवे व्हायचात, चादरही झटकायचा नाहीत.

मी जागीच असायची, आबा. रोज.