दोन कार्डं, एक हात

शनिवार

सगळ्यात आधी माफी मागते. माझं शुद्धलेखन म्हणजे आनंदच आहे, आणि मोबाइलवर मी एकाच बोटाने लिहिते, त्यामुळे एक वाक्य होईस्तोवर चहा गार होतो. शाळा नववीत सोडली. वर्गात उभं राहून वाचायला सांगितलं की माझ्या तोंडाला कुलूप लागायचं आणि सगळे खिदळायचे, म्हणून. पण मावशीचा हुकूम आहे की रोज लिहायचं. तिच्या टपाल ऑफिसातल्या मैत्रिणींना पुढच्या वर्षी अशीच जहाजाची सहल करायची आहे, त्यांना आपले अनुभव आणि सूचना पाठवायच्यात. बोलता येत नाही ना, मग लिही, घुमे, असं म्हणाली. घुमी हे तिनेच ठेवलेलं नाव. दुसऱ्या कोणी म्हटलं तर झोंबतं, ती म्हणते तेव्हा नाही.

मावशी रिटायर झाली आणि पहिली उडी इथेच मारली. तिचे गुडघे गेलेत. बॅग उचलायला आणि रांगेत उभं राहायला कोणीतरी हवं, म्हणून मला आणलं. आई म्हणाली, हिची कसली सोबत, त्यापेक्षा छत्री ने, ती निदान उघडते तरी. मावशी म्हणाली, माझी छत्री मी उघडीन, तू नको काळजी करू.

जहाज म्हणजे पाण्यात उभी केलेली कॉलनीच आहे. आमची खोली आतल्या बाजूची, खिडकी नाही. मावशी म्हणाली, कपाटात राहायला आलोय, हँगर आपणच. सूचना लिहिते. औषधं आणि एक कपड्यांचा जोड हातातल्या पिशवीत ठेवा, कारण मोठी बॅग खोलीत पोचायला संध्याकाळ होते. भिंती लोखंडी आहेत, चुंबकाचे हुक आणा, ओले कपडे टांगता येतात. पहिल्याच दिवशी सगळ्यांना केशरी जॅकेट घालून कवायत करायला लावतात, तेव्हा लाजू नका. मावशी त्यात गॅसच्या सिलिंडरसारखी दिसत होती. हे तिचंच म्हणणं.

प्रत्येकाला एक कार्ड मिळतं. त्यानेच खोली उघडते, त्यानेच कॉफी मिळते, त्यानेच जहाजातून उतरता-चढता येतं. मावशीने ते लगेच हरवलं आणि मग ते बाथरूममध्ये ब्रशच्या ग्लासात सापडलं. तेव्हापासून तिचं कार्ड माझ्या कमरेच्या पाउचमध्ये.

रविवार

दिवसभर पाणी. मळमळ होत असेल तर जहाजाच्या मधोमध, खालच्या मजल्यावर बसा, नजर लांब जिथे आभाळ टेकतं तिथे ठेवा आणि कोरडी बिस्किटं खा. जेवणाच्या हॉलमध्ये दाराजवळच्या टेबलांवर तुटून पडू नका, गरम पदार्थ मागच्या बाजूला असतात आणि तिथे रांगही नसते.

मावशीची अर्ध्या जहाजाशी ओळख झाली. लिफ्टमध्ये ती सगळ्यांना सांगते की ही माझी सेक्रेटरी, फार हुशार आहे, फालतू बोलत नाही. मला लिफ्टमधून खाली पडावंसं वाटतं. पण बरंही वाटतं.

आमचा केबिनवाला टॉवेलांचे प्राणी करून पलंगावर ठेवतो. आज हत्ती होता. मावशीने त्याला आपल्या जुन्या साहेबांचं नाव दिलं. केबिनवाला चादर लावता लावता सांगत होता की बंदरावर उतरताना कार्ड वाजतं, परत येताना वाजतं, आणि गेलेले आणि आलेले यांचा आकडा जुळल्याशिवाय जहाज हलत नाही. मोजणी मशीनच करतं. मावशीने विचारलं, आणि कार्ड आलं आणि माणूस राहिला तर? तो हसला. मग हत्तीची सोंड नीट करत बसला.

सोमवार

पहिलं बंदर. मजा आली. घड्याळ जहाजाच्या वेळेवरच ठेवा, गावातलं बघू नका. फाटकासमोरच्या पहिल्या दुकानात काही घेऊ नका, दोन गल्ल्या आत तीच टोपी निम्म्या भावात मिळते. मावशीने ती निम्म्याच्याही निम्म्यात घेतली. दुकानदार शेवटी तिच्या पाया पडायचाच बाकी होता.

रांगेचीही एक युक्ती आहे. मावशी बाकावर बसते आणि मला म्हणते, घुमे, नंबर धरून ठेव. मी उभी राहते, आपला नंबर जवळ आला की ती उठून येते. लोक कुरकुरतात, ती गुडघा चोळून दाखवते. आज तीन ठिकाणी चाललं.

बुधवार, दुपार

लिहिते, नाहीतर वेड लागेल.

आजचं बंदर छोटं होतं. पाणी उथळ, म्हणून जहाज लांब उभं राहिलं आणि होड्यांनी ने-आण. गावात एकच रस्ता होता, दुकानं बंद, मावशी म्हणाली इथे रविवारच संपत नाही वाटतं. परतताना वारा सुटला. धक्क्यावर ही लांब रांग. मावशी टोकाच्या बाकावर बसली, चप्पल काढली आणि म्हणाली, नंबर धरून ठेव.

मी धरला. रांग एकदम पळायला लागली. वारा वाढत होता, त्यांना लवकर आटपायचं होतं. मी मागे वळून हात केला. मावशी चप्पल घालत होती. कार्डवाल्याने हात पुढे केला, माझ्या हातात दोन्ही कार्डं होती, त्याने दोन्ही ओढली आणि दोन्ही वाजवली. त्याचं लक्ष लाटांकडे होतं. मला सांगायचं होतं की दुसरं माझं नाही, ती तिकडे आहे. तोंडात बोळा बसला. मागच्या माणसाने ढकललं आणि मी होडीत.

होडी सुटली तेव्हा मावशी बाकाजवळ उभी होती. ती हसून हात हलवत होती. तिला वाटलं असेल, पुढच्या होडीने जाऊ.

पुढची होडी आलीच नाही. मी जहाजाच्या दाराशी उभी राहून बघत होते. तिथला माणूस म्हणाला, आकडा जुळला, आता होडी कशाला. मी त्याच्याकडे बघत राहिले. त्याने विचारलंही की काय झालं. आणि मी मान हलवली. काही नाही म्हणून. देवा, मी मान हलवली.

मग काउंटरवर गेले. रांग. नंबर आला तेव्हा कसंबसं मावशी एवढंच म्हणाले. काउंटरवालीने खोलीचा नंबर विचारला, स्क्रीन माझ्याकडे फिरवली. मावशीचा फोटो, खाली हिरवी खूण. ती प्रेमाने म्हणाली, आहे ना जहाजावरच, खोलीत बघ बाळा. भोंगा वाजला. पायाखालची जमीन हलली.

आता खोलीकडे जातेय.

बुधवार, संध्याकाळ

जीव भांड्यात पडला. मावशी खोलीत आहे! दाराकडे पाठ करून पलंगावर बसली होती. मी रडतच तिला मिठी मारली. कशी आलीस, विचारलं. म्हणाली, आले की. दुसऱ्या बाजूने एखादी होडी आली असेल. मी उगाच घाबरले. सूचना : उगाच घाबरू नका.

गार पडलीय थोडी. वारा होता ना.

गुरुवार

मावशी काल रात्री घोरली नाही. रोज घोरते, मी कानात कापूस घालते.

सकाळी जिन्याने खाली गेलो. तिने कठडा धरला नाही. माझ्या पुढे गेली. मी म्हटलं, गुडघे? ती म्हणाली, आहेत की.

लिफ्टमधल्या बायका हाक मारत होत्या, आज सेक्रेटरीला सुट्टी का म्हणून. ती त्यांच्यातून बघितल्यासारखं बघत राहिली. जेवताना ताटातलं सगळं क्रमाने संपवलं. भाजी, मग भात, मग चमचाभर मीठ. मीठसुद्धा.

काल होडीत उडालेल्या पाण्याने आम्ही सगळे चिंब झालो होतो. तिचे कपडे कोरडे होते. काल माझ्या लक्षातच आलं नाही.

आणि ती मला घुमी म्हणाली नाही. मी सकाळपासून वाट बघतेय. मुद्दाम चहा सांडला, तरी नाही.

तिने तिचं कार्ड मागून घेतलं. मग माझंही. म्हणाली, दे, हरवशील. मी दिलं. का दिलं? मला नाही म्हणता येत नाही म्हणून दिलं.

आज पलंगावर प्राणी नव्हता. केबिनवाला बाहेर पॅसेजमध्येच टॉवेल घेऊन उभा होता, ती आत असताना तो येत नाही. मी जाताना त्याने हळूच विचारलं की काल त्या छोट्या बंदरावर हिचं कार्ड कोणी वाजवलं. मी माझ्याकडे बोट केलं. त्याचं तोंड पडलं. म्हणाला, आम्ही जुने लोक तिथे एकमेकांचं कार्ड हातात घेत नाही. कार्ड वाजलं की जहाज एक माणूस आत घेतं. कोणीतरी यावंच लागतं ना मग.

मी विचारलं, आणि खरी? म्हणजे, विचारायचं होतं. ओठ हलले फक्त. तोपर्यंत दार उघडलं आणि ती बाहेर बघत उभी.

शुक्रवार, सकाळ

मोठं बंदर. समुद्रात फोन चालत नाही, इथे चालतो.

ती माझा हात धरून उतरली. दोन्ही कार्डं तिच्याकडे. दोन बीप. तिची बोटं बर्फासारखी. धक्क्यावर आल्यावर माझा फोन वाजायला लागला, थांबेचना. मी बुटाची नाडी बांधायचं नाटक केलं. ती पुढे चालत राहिली.

मावशीचे मेसेज. माझ्या मावशीचे.

घुमे, होडी गेली की गं.

नंबर धरलास आणि तशीच गेलीस? बरोबर आहे, सेक्रेटरी पुढे, साहेब मागे.

इथला ऑफिसवाला म्हणतो मी जहाजावरच आहे, त्याच्या कंप्युटरवर दिसतं. मी म्हटलं, मग मी कोण, भूत?

पासपोर्ट जहाजावर, कार्ड तुझ्याकडे. हे मला बाहेर काढताहेत. मी बाकावर बसलेय. थंडी आहे.

रागावले नाही हं. पण कोणाला तरी सांग. आयुष्यात एकदा बोल, राजा. एकदाच.

बॅटरी चाललीय.

शेवटचा मेसेज कालचा आहे. फोन लावला. बंद.

शुक्रवार

ती दिसत नाहीये. परत जहाजावर गेली वाटतं. मी सांगणार आहे. आज सांगणारच. मावशी नेहमी म्हणते, बोलणाऱ्याची बोरं विकली जातात.

शुक्रवार

बोलले.

मोठ्याने बोलले. जहाजाच्या जिन्याशी उभ्या असलेल्या साहेबाला सगळं सांगितलं. माझी मावशी जहाजावर नाही, त्या छोट्या बंदरावर बाकावर बसली आहे, खोलीत आहे ती दुसरी कोणीतरी आहे. न अडखळता. रांगेतले सगळे वळून बघत होते आणि मला लाज वाटली नाही.

त्याने शांतपणे ऐकलं. कार्ड मागितलं. कार्ड तिच्याकडे आहे म्हटलं. त्याने खोलीचा नंबर टाकला. म्हणाला, दोघी आत आलेल्या आहेत. दोघी. मी म्हटलं, मी तर इथे उभी आहे. मग त्याने खोलीत फोन लावला. खूप वेळ बोलला. हसलासुद्धा.

मग मला म्हणाला, मावशीशी बोललो. भाचीशीही बोललो. काय गोड बोलते मुलगी, थांबतच नव्हती. आता तू बाजूला हो, लोकांना जाऊ दे.

शुक्रवार

दोर सोडले.

मी धक्क्यावर. पाउच, फोन, एवढंच.

कठड्याशी मावशीसारखी ती. शेजारी एक मुलगी, माझ्या पिवळ्या शर्टात. आजूबाजूच्या बायकांशी हातवारे करून बोलतेय, बायका हसताहेत — मी तशी कधी —

त्या मुलीने इकडे बघून हात हलवला.

शुक्रवार

मावशीचा फोन अजून बंद. त्या बंदराला जायला बस आहे का विचारलं. माणूस म्हणाला कुठलं बंदर. फोटो दाखवला, तो म्हणाला इथे असं बंदर नाहीच —

घरीच सांगते. माझा मोठा भाऊ, दादा, येईल. दादा माझं ऐकतो. आत्ता त्याचं नाव उघडलं तर त्याचाच मेसेज आलेला, आत्ताचा. त्याला नोकरी लागली. सोमवारपासून जायचं, तुला सगळ्यात आधी सांगतोय म्हणतो. आणि त्याच्या खाली माझं उत्तर आधीच गेलेलं, मी न लिहिलेलं —