वॉल्टरकाकांचा डबा

१४ सप्टेंबर १९८६, रविवार. पार्सिपनी.
आजपासून आपण बेसबॉलचे कलेक्टर! शेजारच्या वॉल्टरकाकांनी बोलावून बिस्किटांचा निळा पत्र्याचा डबा दिला. आत ब्रुकलिनच्या जुन्या टीमची फोटोकार्डं, अर्धी फाडलेली तिकिटं, पिवळं पडलेलं स्कोअरकार्ड. म्हणाले, आमची टीम गाव सोडून कॅलिफोर्नियाला गेली, तेव्हापासून दुसरी धरली नाही. म्हटलं, मीही गाव सोडून आलो, माझ्यासाठी कुणी एवढं केलं नाही. खूप हसले. मग बराच वेळ खोकले.
मी काडेपेट्यांचे छाप जमवतो, ते त्यांना कुंपणावरून दाखवले होते. आतलं सगळं तुला, डबा बायकोचा आहे, तो सावकाश परत कर म्हणाले. येताना ती वाघछाप काडेपेटी मात्र आण, मला हवीय.
मी नीलाकाकूंच्या बेसमेंटमध्ये राहतो. त्या म्हणाल्या, एकनाथ, कुणाचा डबा रिकामा परत करायचा नसतो, निदान साखर घाल. साखर? एवढ्या खजिन्याला? काहीतरी जबरदस्त घालणार.

२१ सप्टेंबर
वॉल्टरकाका पोर्चवरून ओरडले, वाघ कुठाय? म्हटलं, कमिंग, कमिंग.
एका काडेपेटीनं काय होतंय? म्हातारा मनात हसेल. मी रेस्टॉरंटमध्ये जवळजवळ असिस्टंट मॅनेजर (सध्या कांदे). माझ्याकडून खेळाडूनं सही केलेलं जुनं कार्डच शोभेल. तोवर गेम शिकतो. बॉलरनं चार बॉल वाईट टाकले की बॅटवाला काही न करता पुढे जातो. दहावीला हा नियम असता तर आज इंजिनियर असतो.

५ ऑक्टोबर
फ्ली मार्केटमध्ये सहीचं कार्ड मिळालं! हेमचंद्रकाकांनी (नीलाकाकूंचे मिस्टर) चष्मा वर करून पाहिलं. म्हणाले, अरे, ही सही छापलेली आहे, प्रत्येकावर असते. जळतात लोक. तरी डब्यात घातलं नाही. उगाच रिस्क नको.

१९ ऑक्टोबर
वॉल्टरकाकांनी कुंपणावरून स्वतःचा लहानपणचा ग्लोव्ह दिला. फार बारीक झालेत. डाएट असणार. खिडकीतून दिसलं, शेल्फं सगळी रिकामी. घराला रंग देणार वाटतं. मुलगी आलीय मदतीला. विचारत होते, रविवारी येतोस ना? शुअर म्हटलं.

२६ ऑक्टोबर
गेलो नाही. सगळे नियम पाठ करून गेलं तर गप्पा रंगतील. पुढचा रविवार पक्का.

२ नोव्हेंबर. दिवाळी.
नवा प्लॅन. काकूंचे बेसनलाडू. त्यांनी डबा गच्च भरून दिला. गेलो तर वॉल्टरकाकांच्या दाराला कुलूप. फिरायला गेले असतील. पायरीवर वाट बघताना एक खाल्ला. एक कमी डबा कसा द्यायचा? म्हणून आणखी एक. मग अर्धा डबा द्यायचा का, असा प्रश्न आला. संध्याकाळी डबा घासून ठेवला.

९ नोव्हेंबर
त्यांच्या दारात खूप गाड्या. सगळे काळे कोट घालून. भारी पार्टी दिसते. मला नाही बोलावलं. डब्यावरून रागावले असणार.
काकूंना तसं सांगितलं. त्यांनी पडदा सरकवून बघितलं, आणि माझा टीव्ही बंद केला.

१६ नोव्हेंबर
आज गेलो. डब्यात फक्त वाघछाप काडेपेटी. आदल्या रात्री कापसानं पुसून ठेवली होती.
मुलीनं दार उघडलं. मागे खोकीच खोकी. डब्याचं झाकण उघडून म्हणाली, थँक यू, पण इथे कुणी स्मोक करत नाही. घर रिकामं करतेय, डबाही तूच ठेव. झाकण लावून परत दिला.
मी पायऱ्या उतरलो तेवढ्यात तिनं हाक मारून विचारलं, तू शेजारचा ना? डॅडकडे मांजर होतं का? हॉस्पिटलमध्ये सारखे विचारायचे, वाघ आला का, वाघ आला का.
माहीत नाही म्हटलं.
काकूंनी विचारलं, दिलास का रे डबा? दिला म्हटलं.
कॉटखाली ठेवलाय. वाघ आतच राहू दिला. डबा रिकामा बरा दिसत नाही.