शेगडीच्या काटकसरीबद्दल

धडगाव, पौष वद्य पंचमी

तीर्थस्वरूप हिंमतराव दाजी यांचे सेवेशी, धाकटा मेहुणा मोरेश्वर याचा साष्टांग नमस्कार (आठांपैकी दोनच अंगं वाकली, उरलेली सहा थंडीनं जागीच आखडली आहेत). आपण व ताई खाली मैदानात उबेत असालच.

लढाईपायी सरकारी इमारतींत लाकूड जाळू नये, हे आपल्या सहीचं परिपत्रक पोचलं. कोठडीत कैदी असेल तर पहाऱ्यापुरती शेगडी, एवढीच सूट. शास्त्रानं तीन अग्नी सांगितले; आपण हा चौथा राखून बाकीचे विझवलेत. कचेरीत आम्ही कांबळी पांघरून बोटांवर फुंकर घालत लिहितो, ते असो. पण दवाखान्यात रमिलाबाई नावाची पहाडातली बाळंतीण होती. बाळ गारठून निळसर, आणि खाटेखालची शेगडी आपल्या हुकमानं गार. नवरा आमशा म्हणाला, लाकूड मी आणतो. आम्ही विद्वानांनी परिपत्रक उलटसुलट वाचून निर्णय दिला की खासगी लाकडाला मनाई नाही. (सातपुड्यात खासगी लाकूड उरलंय कुठे, हा विचार एकाही पंडिताला शिवला नाही.) मोळी घेऊन तो दाराशी पोचतो तोच जंगलखात्याच्या दोधू गार्डानं त्याची गचांडी धरली.

"लाकूड सरकारनं शे, तुन्हा बापनं नही!"

"बापाचंच होतं. सरकार मागून आलं," आमशा म्हणाला. त्यामुळे चोरीला उद्धटपणाही जोडला गेला.

आमशाला कोठडीत घातलं; समोर निखारे फुललेले पाहून त्यानं लगेच बायकोला निरोप धाडला. आता ती बाळ घेऊन गजांपाशी शेकत बसते, पहारेकरी नथ्थू मुद्दाम दुसरीकडे बघतो, आणि बाळ लालबुंद होऊन सगळ्या कचेरीला ऐकू जाईल असं रडतं. सबंध तालुक्यातली एकमेव राहण्याजोगी इमारत म्हणजे तुरुंग, हे यश सर्वस्वी आपलं.

आपला,
मोरेश्वर

ता. क. आमशाच्या सुटकेचा कागद आपल्या टेबलावर आहे. कृपा करून थंडी ओसरेपर्यंत तो गठ्ठ्याच्या तळाशी घालावा. निरपराध माणसाला आत ठेवा, अशी रदबदली आयुष्यात प्रथमच करतो आहे.

पुन्हा ता. क. पाकीट चिकटवण्याआधीच आपला सुटकेचा हुकूम आला. सरकारी कामात अशी तत्परता मी पाहिली नव्हती. आमशा सुटला, कैदी नाही म्हणून नथ्थूला निखाऱ्यांवर पाणी ओतावं लागलं. रमिलाबाईनं बाळ पदराखाली घट्ट धरून मला विचारलं, "दादा, आता मी काय चोरू?"

प्रश्न जसाच्या तसा आपल्याकडे पाठवतो आहे. आपण उलट टपाली कळवावं.