नांगरलेली सायकलवाट

ओब्रेकूर, टेकडीवरचं घर
१२ सप्टेंबर २०२३

चि. गिलेन यास,
अनेक आशीर्वाद. आशीर्वाद रीत म्हणून लिहिले आहेत, फार मनावर घेऊ नकोस.

तुझ्या आणि माझ्या घरात तीनशे पावलांचं अंतर, आणि मी तुला तिकीट लावून पत्र पाठवते आहे. हे पत्र आधी शहरात जाईल, तिथे छापा खाईल आणि मग तुझ्या दारात येईल. पण तू फोन उचलत नाहीस, आणि तुझा उंबरा ओलांडणार नाही असं मी ईस्टरला बोलून बसले आहे. टपालवाली ओरेली पाकिटावरचा पत्ता वाचून फिस्सकन हसली. हसू दे.

काल सकाळी आन्सेल्मना मागे बसवून मी नेहमीसारखी आमची दोघांनी पायडल मारायची जोडसायकल काढली. मोर्नीच्या रानातून बाहेर पडलो, तुझ्या कुरणाच्या कडेला आलो, आणि वाट संपली. वाटेच्या जागी ताजा नांगर. मी करकचून ब्रेक दाबला. मागच्या माणसाला दिसत नाही, त्याला काय कळणार ब्रेक का दाबला ते? त्यांनी पाय टेकायला खाली सोडला तो थेट नांगराच्या तासात, आणि आडवे झाले. कोपर सोललंय. उठल्यावर त्यांनी हाताने माती चाचपली आणि एवढंच म्हणाले की नांगर खोल लावलाय.

तुला सगळं ठाऊक आहे, तरी लिहिते. त्यांची नजर गेल्याला तीन वर्षं झाली. दिवसातून एकदा रानातून शेजारच्या एस्त्रेवाल गावापर्यंत सहा किलोमीटर जायचं, मादलेनच्या दुकानात चिकोरीची कॉफी घ्यायची आणि परत यायचं, एवढाच त्यांचा दिवस आहे. बाकी सगळी रात्रच. दुसरा रस्ता म्हणजे मोठी सडक. तिच्यावर आता महिनाभरात बिटाचे ट्रक सुरू होतील आणि ते जानेवारीपर्यंत धावतील. त्या ट्रकांच्या वाऱ्यानेच आमची सायकल खड्ड्यात जाईल. चार पावलांच्या पट्ट्यात तुझं असं किती बीट येणार आहे, ते एकदा मला सांग.

लोभ करण्यासारखं तू काही ठेवलं नाहीस, तरी असावा.
तुझी बहीण,
सोलांज

*

ओब्रेकूर, खालचा मळा
१५ सप्टेंबर

ती. सोलांजताईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. दाजींच्या कोपराचं वाईट वाटलं. बाकी कशाचं वाटलं नाही.

जमीन माझी आहे. ज्याला तुम्ही वाट म्हणता ती माझ्या कुरणातून जाते, आणि नकाशावरची गावाची वाट दुसरीकडेच, कुंपणालगत काटेरी झुडपांत आहे. इतकी वर्षं मी गप्प बसलो. दर रविवारी शहरातून ते पोपटी कपड्यांतले सायकलवाले येतात, झाडांवर वाटेच्या खुणेचे पिवळे पट्टे रंगवतात, माझ्या दाराशी बाटल्या भरून मागतात. त्याचंही काही नाही. पण जाताना फाटक उघडं टाकतात. जुलैत माझ्या दोन कालवडी मोठ्या सडकेवर गेल्या. एकीला ट्रकने उडवलं, आणि तिला शेवटचा घास मी माझ्या हाताने भरवला. जो माणूस फाटक उघडतो आणि लावत नाही, त्याला मी माणूस समजत नाही. वाटच नसली तर फाटकही नको आणि कटकटही नको.

मी मोजणी आणतोय. ३ ऑक्टोबरला मोजणीदार येईल आणि खुंट्या ठोकेल. खुंटी खोटं बोलत नाही. तूही ये बघायला, कुंपणाच्या पलीकडून.

दाजींना नमस्कार सांग. लोभ आहे तेवढा पुरे, वाढवू नये.
तुझा,
गिलेन

*

१९ सप्टेंबर

चि. गिलेन यास,
आशीर्वाद, पण दात ओठ खाऊन.

कुंपणालगतची वाट झुडपांत का गेली, हे तू मला सांगतोस? एकोणसत्तरच्या हिवाळ्यात ती गुडघाभर पाण्यात होती. दोन्ही गावांची पोरं सायकली खांद्यावर घेऊन शाळेत जायची आणि ओल्या मोज्यांनी दिवसभर बसायची. तेव्हा बाबांनी स्वतःचं कुंपण चार पावलं आत घेतलं. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी मागितलं नव्हतं. पंधरा वर्षांची मी खांब धरून उभी होते आणि नऊ वर्षांचा तू हातोडा घेऊन. तुझ्या अंगठ्याचं नख तेव्हापासून वाकडं आहे, बघ जरा. बापाने दिलं ते लेकाने नांगरलं. चोरून बांध कोरणारे पुष्कळ पाहिले, पण स्वतःच्या बापाचा शब्द कोरणारा तूच पहिला.

आणि नमस्काराचं म्हणशील तर तो मी त्यांना सांगितला नाही. वीस वर्षं तुम्ही दोघं दर रविवारी त्याच रानातून सायकली हाणत होतात. पावसात चिखल माखून यायचात आणि माझी मारोआल चीजची अख्खी पोळी दोघांत फस्त करायचात. त्यांचे डोळे गेले आणि तू गेलास. तीन वर्षांत एकदा तरी आमची पायरी चढलास? आमचं फाटक कुरकुरतं. त्याला मी मुद्दाम तेल घालत नाही, कोण आलं ते त्यांना कळावं म्हणून. तुझा ट्रॅक्टर खालून गेला की ते खिडकीकडे तोंड फिरवतात. ट्रॅक्टर हळू होत नाही. ते परत रेडिओकडे वळतात.

आठवडा झाला, घरातच आहेत. जेवायला बसले की टेबलाखाली त्यांचे पाय फिरत असतात. मी बघितलं की थांबतात.

मोजणीला येईन. लोभ वगैरे त्यानंतर बघू.
सोलांज

*

४ ऑक्टोबर

चि. गिलेन यास,
अनेक अनेक आशीर्वाद. आज मनापासून.

काल अख्खं गाव तुझ्या कुंपणाला टेकून उभं होतं, आणि आन्सेल्मच्या कानात मी एकेक खुंटी सांगत होते. लाल टोकाची पहिली झुडपांत, दुसरी झुडपांत, तिसरी पाणंदीच्या तोंडाशी. तोवर तू कमरेवर हात ठेवून उभा होतास. चौथी तुझ्या नव्या गोठ्याच्या दारात आली. पाचवी ठोकायला मोजणीदाराला गोठ्याच्या आत जावं लागलं आणि वासरं त्याचा कागद चाटायला लागली. तुझा चेहरा मी आन्सेल्मना नीट सांगू शकले नाही, कारण मला हसू आवरेना.

म्हणजे सहा वर्षांपूर्वी तू गावाच्या वाटेवर गोठा बांधलास. करायला गेलास एक आणि झालं भलतंच. मेअरबाईंना मी तिथल्या तिथे विचारलं. त्या म्हणाल्या की वाट गावाची आहे, आणि कुणी अर्ज दिला तर गोठा हलवावा लागेल. अर्ज लिहायला मी कालच बसले. अक्षर चांगलं येईपर्यंत तीन कागद फाडले.

आन्सेल्मना वाचून दाखवला. त्यांनी फक्त विचारलं की गोठ्यात वासरं किती आहेत. मला त्यांचाही राग आला.

खुंटी खोटं बोलत नाही, असं कुणीसं लिहिलं होतं. लोभ असावा.
सोलांज

*

९ ऑक्टोबर

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

वासरं एकोणीस आहेत. दाजींना सांग.

मेअरबाईंनी एक मार्ग काढलाय. अदलाबदल. कुरणातली ती वाट मी गावाला कायमची लिहून द्यायची आणि गोठ्याखालची जमीन गावाने मला द्यायची. त्यासाठी कचेरीत वही ठेवणार आहेत. ज्याला काही म्हणायचं असेल त्याने तिच्यात सही करून लिहायचं. वही शनिवारी, २८ला बंद होईल. आपलं गाव तुला माहीत आहे. कॉफीच्या टेबलावर मला चोर म्हणतील, पण वहीत कुणी अक्षर काढणार नाही, कारण वही सगळे वाचतात. सगळे तुझ्यावर डोळा ठेवून आहेत. तू विरोधात लिहिलंस की तुझ्यामागे दहा लिहितील, आणि हिवाळ्याच्या तोंडावर मी एकोणीस वासरं कुठे नेऊ?

मी मागत नाहीये. तारीख कळवतोय.

आणि तीन वर्षांचं तू लिहिलंस, त्याचं उत्तर द्यायला मला जवळजवळ तीन आठवडे लागले. तुम्ही इस्पितळातून घरी आलात त्या आठवड्यात मी आलो होतो. खिडकीतून दाजी दिसले. सूप पुढ्यात होतं आणि ते चमचा शोधत होते. चमचा इकडे आणि हात तिकडे. उतारावर मला नेहमी मागे टाकणारा माणूस. मी तसाच वळलो. दुसऱ्या आठवड्यात यायचं ठरवलं, ते आणखी जड झालं. मग जडच होत गेलं. तुझ्यावर चिडणं त्यापेक्षा सोपं होतं. नांगर घातला तेव्हाही मी चिडलेलोच होतो, पण कुणावर ते आता विचारू नकोस.

लोभाचं तुझ्यावर सोपवतो.
गिलेन

*

१३ ऑक्टोबर

चि. गिलेन यास,
आशीर्वाद.

तुझं पत्र आन्सेल्मना मी अर्धंच वाचून दाखवलं. वासरांपर्यंत. पुढचं तुझं तू सांग.

माझा राग गेलेला नाही. चमचा शोधणारा माणूस तुला पाहवला नाही, आणि मी तो रोज तीन वेळा पाहते. मला कुठे वळायची सोय होती? तुझा जीव हळवा आणि माझा काय दगडाचा? हे तुला तोंडावर बोलायचं होतं, पण तोंड मिळत नाही म्हणून लिहिते.

आता ऐक. ६ नोव्हेंबरला माझ्या खुब्याची शस्त्रक्रिया आहे. तीन महिने पायडल मारायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलंय. तू वाट परत दिलीस तरी पुढच्या सीटवर बसायला माणूस नाही. गावातल्या दोघांनी होकार दिला होता, पण आन्सेल्म अनोळखी पाठीमागे बसत नाहीत.

तेव्हा वही बंद व्हायच्या आधीच्या गुरुवारी, २६ला, सकाळी दहाला तू ये आणि पुढे बस. वाट आधी सपाट करून ठेव. शनिवारी वहीत काय लिहायचं ते मी गुरुवार बघून ठरवीन. ह्याला धमकी म्हणायचं तर म्हण, धमकीच आहे.

लोभ असलाच तर दहाच्या ठोक्याला दिसेल.
सोलांज

*

२६ ऑक्टोबर, संध्याकाळ

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तू मुद्दाम स्वयंपाकघराचं दार लावून बसलीस, हे मला कळलं. म्हणून लिहितो.

दाजींनी नमस्कार केला नाही. हेल्मेट पुढे केलं आणि म्हणाले की सीट वर घे, सोलांजचे पाय आखूड आहेत. तुमच्या सायकलची साखळी कोरडी आहे. एवढं कसं लक्ष नाही तुझं? घरी तेलाचा डबा आहे, उद्या ओरेलीच्या हाती पाठवतो.

रानात शिरलो आणि मला घाम फुटला. एवढा जड माणूस मागे घेऊन मी कधी चालवली नव्हती. तेच मला वाट सांगत होते. चाकाखाली पानं वाजायला लागली की म्हणायचे बीचची झाडं लागली, आता डावीकडे धर. गार वारा आला की म्हणायचे ओढा आला. जुन्या वळणावर मी ब्रेक उशिरा दाबला. तर म्हणाले, वीस वर्षं इथेच उशीर करतोस. कुरणाची वाट मी तीनदा रूळ फिरवून दाबली होती, तुलासुद्धा फरक दिसला नसता. तिथे पोचलो आणि त्यांनी पायडल मारणं थांबवलं. म्हणाले, इथे चाकाचा आवाज मेलाय. मग त्यांनी पुन्हा मारायला सुरुवात केली, माझ्यापेक्षा जोरात.

मादलेनकडे कॉफी आली. चमचा मी सरकवून त्यांच्या हाताशी ठेवला, तर ते रागावले. तो त्यांनी परत होता तिथे ठेवला आणि स्वतः शोधला. मग म्हणाले की मी तेव्हा आलो होतो हे त्यांना ठाऊक आहे. मला वाटलं तू सांगितलंस. तू नाही सांगितलंस. त्या दिवशी त्यांनी फाटकाची कुरकुर ऐकली होती, आणि तसं एका झटक्यात फाटक मीच ढकलतो म्हणाले. उघडल्याची ऐकली, पण लावल्याची ऐकली नाही. म्हणून त्यांना वाटलं की मी अजून अंगणातच आहे, येईन. सूप गार होईपर्यंत ते वाट बघत बसले. शेवटी तू उठून फाटक लावून आलीस आणि वारा आहे म्हणालीस.

शहरातल्या त्या सायकलवाल्यांना मी काय काय बोललो, ते माझ्याच अक्षरात तुझ्याकडे आहे. ते पत्र फाडू नकोस, राहू दे.

शनिवारी वहीत तुला हवं ते लिही. विरोधात लिहिलंस तरी गुरुवारी दहाला येईन, आणि तू इस्पितळात असशील तेव्हाही. तुझा राग चालू ठेव, तो मला लागू आहे. लोभाचं मात्र आता मी मागतो, असू दे.

जाताना फाटक लावलं आहे. दाजींनी ऐकलं का, विचारून बघ.

तुझा,
गिलेन